पदवी ‘समकक्ष’ आहे, पण कोणाच्या मते? अभियंता भरतीत अर्हतेचा वाद कसा लढवायचा

कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर ‘तुमची शाखा जाहिरातीत नाही’ असं ऐकलं की बहुतेक उमेदवार आधी कॉलेज गाठतात. ‘सदर पदवी स्थापत्य अभियांत्रिकीशी समकक्ष आहे’ असं प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचं पत्र आणतात. भरती करणारं खातं ते बाजूला ठेवतं आणि तोवर हरकतीची मुदत सरलेली असते. पत्र खोटं नसतं. ते देणाऱ्याला तो अधिकार नसतो, एवढंच.

समकक्षता म्हणजे एका ठरावीक पदासाठी, अधिकार असलेल्या माणसाने घेतलेला निर्णय. तो कोणी घेतला, कोणत्या पदासाठी आणि कोणत्या तारखेला, या तीन प्रश्नांची कागदोपत्री उत्तरं हाती असली तर वाद लढता येतो. अभ्यासक्रम किती सारखा आहे हे त्याच्या मागून येतं. खालचा क्रम महाराष्ट्र शासनाच्या अभियंता पदांना धरून दिला आहे. टप्पे मागेपुढे केले तर नुकसान होतं, कारण प्रत्येक टप्प्याचा कागद पुढच्या टप्प्यात लागतो.

टप्पा १ : जाहिरातीच्या आधी सेवाप्रवेश नियम मिळवा

अर्हता जाहिरात ठरवत नाही. ती ठरते संविधानाच्या अनुच्छेद ३०९ खाली राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या सेवाप्रवेश नियमांनी. जाहिरातीत त्याचा संक्षेप येतो आणि संक्षेप करताना शब्द गळतात. दोन्हींत फरक असेल तर नियम चालतो. जाहिरातीतल्या चुकीमुळे कोणाला हक्क मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मलिक मजहर सुलतान प्रकरणात (२००६) सांगून ठेवलं आहे. ही तलवार दुधारी आहे. जाहिरात उदार आणि नियम कडक असेल, तर जाहिरात पाहून अर्ज केलेलाही बाहेर जाऊ शकतो.

नियम विभागाच्या संकेतस्थळावर नसतील तर माहिती अधिकारात मागा. मागताना ‘आजपर्यंतच्या सर्व सुधारणांसह’ हे शब्द विसरू नका. मूळ नियमांची प्रत घेऊन भांडणारे आणि मधल्या सुधारणेत हरणारे उमेदवार कमी नाहीत.

नियम हाती आला की अर्हतेचं वाक्य शब्द सुटे करून वाचा. समजा वाक्य असं आहे : ‘सांविधिक विद्यापीठाची स्थापत्य अभियांत्रिकीमधील पदवी किंवा शासनाने तिच्याशी समतुल्य म्हणून घोषित केलेली अर्हता धारण करीत असेल’. यातला कळीचा शब्द ‘समतुल्य’ नाही, ‘शासनाने घोषित केलेली’ हा आहे. इथे शासन निर्णय लागतोच. विद्यापीठाचं पत्र कितीही जड असलं तरी पुरत नाही. हेच वाक्य नुसतं ‘किंवा समतुल्य अर्हता’ असं असेल, तर निर्णय नियुक्ती प्राधिकारी किंवा लोकसेवा आयोग घेतो आणि तुम्ही पुरावा मांडू शकता. ‘समतुल्य’ हा शब्दच नसेल, तर समकक्षतेचा युक्तिवाद करण्यात अर्थ नाही. मग आपली पदवी नाव वेगळं असलं तरी तीच आहे हे दाखवावं लागतं, नाहीतर नियमालाच आव्हान द्यावं लागतं, आणि ते अवघड काम आहे. चौथा प्रकार शाखांच्या यादीचा. यादी दिली असून शेवटी ‘इत्यादी’ किंवा ‘समतुल्य’ नसेल, तर ती यादी बंद आहे असं धरूनच चाला.

तपासा : तुमच्या पदाचं वाक्य या चारपैकी कोणत्या प्रकारात बसतं, ते एका ओळीत लिहून काढा. लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २ : वाद नेमका कशाचा, ते ठरवा

‘माझी पदवी नाकारली’ हे पाच वेगळ्या तक्रारींचं एकच नाव आहे. प्रत्येकीचं औषध वेगळं.

*शाखेच्या नावाचा वाद.* सर्वांत जास्त हाच दिसतो. स्थापत्यऐवजी ‘कन्स्ट्रक्शन’, ‘स्ट्रक्चरल’ किंवा ‘सिव्हिल अँड वॉटर मॅनेजमेंट’, विद्युतऐवजी विदर्भ-मराठवाड्यातल्या पदव्यांवर दिसणारं ‘इलेक्ट्रिकल (इलेक्ट्रॉनिक्स अँड पॉवर)’, यांत्रिकीऐवजी ‘प्रॉडक्शन’. बी.ई. आणि बी.टेक. हा मात्र खरा वाद नव्हे, दोन्ही एकाच पातळीच्या पदव्या आहेत. तरी टेबलावरचा कर्मचारी अडवू शकतो, म्हणून विद्यापीठाचं एका ओळीचं पत्र सोबत ठेवलेलं बरं. आणखी एक साधी भानगड : काही पदवी प्रमाणपत्रांवर नुसतं ‘अभियांत्रिकी पदवी’ लिहिलेलं असतं, शाखाच नसते. त्यासाठी शेवटच्या सत्राची गुणपत्रिका आणि विद्यापीठाचं शाखा नमूद केलेलं प्रमाणपत्र लागतं.

*पातळीचा वाद.* पद पदविकेचं आहे आणि तुमच्याकडे पदवी आहे. ‘मोठी अर्हता आहे, मग लहानी आलीच’ हा युक्तिवाद सगळीकडे चालत नाही, आणि इथे सर्वाधिक गैरसमज आहेत. केरळच्या ज्योती के. के. प्रकरणात (२०१०) विद्युत मंडळातल्या सब-इंजिनिअर पदासाठी पदवीधर पात्र ठरले, कारण तिथल्या नियमात ‘खालची अर्हता गृहीत धरणारी वरची अर्हता’ चालेल असं कलमच होतं. जम्मू-काश्मीरच्या जहूर अहमद राथेर प्रकरणात (२०१८) तसं कलम नव्हतं. तिथे आय.टी.आय. मागितलेल्या पदासाठी पदविकाधारक अपात्र ठरले. हिमाचलच्या पुनीत शर्मा प्रकरणात (२०२१) न्यायालयाने वरच्या पदाचे नियम पाहिले. कनिष्ठ अभियंत्यांपैकी पदवीधरांसाठी सहायक अभियंता पदावर पदोन्नतीचा वेगळा कोटा होता, म्हणजे कनिष्ठ पदावर पदवीधर असणं नियमांनाच अभिप्रेत होतं, आणि पदवीधर पात्र ठरले.

धडा सरळ आहे. आपल्या पदाच्या नियमाबरोबर पदोन्नतीच्या पदाचे नियमही मागवा. स्थापत्य अभियांत्रिकी सहायकासारख्या, त्याहून खालच्या अर्हतेच्या पदांवर हा प्रश्न पदवी आणि पदविका दोन्हींच्या बाबतीत उठतो.

*शिकण्याच्या पद्धतीचा वाद.* दूरस्थ पद्धतीने घेतलेली अभियांत्रिकी पदवी सहसा टिकत नाही. ओरिसा लिफ्ट इरिगेशन प्रकरणात (३ नोव्हेंबर २०१७) सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांच्या अशा पदव्यांवर निर्णय दिला. २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेमार्फत परीक्षेची संधी दिली आणि त्यानंतरच्या रद्द केल्या. अशी पदवी असेल तर प्रवेशाचं वर्ष आधी पाहा. ए.एम.आय.ई. (इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची परीक्षा) धारकांसाठी नोंदणीची तारीख निर्णायक : ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी झालेल्यांनाच मान्यतेचा लाभ आहे. नोंदणीपत्राची मूळ प्रत हवी. उत्तीर्ण प्रमाणपत्रावर नोंदणीची तारीख नसली तर तेवढ्याने भागत नाही.

*संस्थेच्या मान्यतेचा वाद.* इथे तुमच्या प्रवेशाच्या वर्षाचं परिषदेचं मान्यतापत्र लागतं. चालू वर्षाचं आणून उपयोग नाही. स्वायत्त शासकीय तंत्रनिकेतनाच्या पदविकेवर तंत्र शिक्षण मंडळाचं नाव नसतं, तेव्हा संस्थेच्या स्वायत्ततेचा आदेश जोडा. परदेशी पदवी असेल तर भारतीय विद्यापीठ संघाचं किंवा २०२५ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनुसार मिळालेलं समकक्षता प्रमाणपत्र घ्या.

*तारखेचा वाद.* नियमात आणि जाहिरातीत वेगळी तारीख दिली नसेल, तर अर्जाच्या शेवटच्या दिवशी अर्हता हवी. हा दंडक भूपिंदरपाल सिंग प्रकरणापासून (२०००) पक्का आहे. निकाल जाहीर झाल्याचा दिनांक असलेलं विद्यापीठाचं पत्र घ्या. पदवी प्रमाणपत्रावरची तारीख दीक्षान्त समारंभाची असते आणि ती बरीच मागाहूनची असू शकते.

सावध : थेट द्वितीय वर्षाला प्रवेश घेतलेल्यांच्या गुणपत्रिका सहाच सत्रांच्या असतात. ‘चार वर्षांची पदवी’ असे शब्द असलेल्या भरतीत यावरून अडवणूक होते. पदविकेची गुणपत्रिका आणि थेट द्वितीय वर्ष प्रवेशाचा उल्लेख असलेलं विद्यापीठाचं पत्र एकत्र लावा.

टप्पा ३ : तुलनापत्रक तयार करा

शाखेच्या नावाचा वाद असेल तर हा कागद सगळ्यांत कामाचा, आणि तोच सर्वांत ढिसाळ बनवला जातो. सबंध अभ्यासक्रमाच्या तीनशे पानांच्या झेरॉक्स जोडल्या की कोणी वाचत नाही. एका पानाचं पत्रक करा.

तुलना आपल्याच विद्यापीठाच्या, त्याच अभ्यासक्रम आराखड्याच्या मूळ शाखेशी करा. दुसऱ्या विद्यापीठाशी किंवा नव्या आराखड्याशी केली की ‘सोयीचं उचललं’ असा शेरा बसतो. रकाने पाच : मूळ शाखेचा विषय, त्याचं सत्र आणि श्रेयांक, माझा विषय आणि सांकेतांक, माझं सत्र आणि श्रेयांक, गुणपत्रिकेचं पान. स्थापत्यासाठी किमान हे विषय घ्या : सर्वेक्षण, द्रवयांत्रिकी, संरचना विश्लेषण, आर.सी.सी. आराखडा, पोलाद संरचना, मृदा यांत्रिकी व पाया, महामार्ग, जलविज्ञान व सिंचन, पाणीपुरवठा व सांडपाणी, अंदाजपत्रक व मूल्यांकन.

एक ओळ अशी दिसेल : ‘द्रवयांत्रिकी | सत्र ४, श्रेयांक ४ | फ्लुइड मेकॅनिक्स अँड हायड्रॉलिक मशीन्स | सत्र ४, श्रेयांक ४ | पान ३’. जिथे विषय नाही तिथे रकाना रिकामा ठेवा, ओढूनताणून भरू नका. ‘कन्स्ट्रक्शन’ शाखेत सिंचनाचा विषय नसेल तर जलसंपदा विभागात नजर आधी तिथेच जाईल. सार्वजनिक बांधकाम विभागात तीच उणीव तेवढी बोचणार नाही. पदाच्या कामाशी विषय जोडून बोलायचं ते यासाठी.

पत्रकावर सही विद्यापीठाच्या कुलसचिवांची हवी. शक्य असेल तर अभ्यास मंडळाचा अभिप्राय घ्या. त्यात दोन-तीन महिने सहज जातात, म्हणून जाहिरातीची वाट पाहू नका.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची २८ एप्रिल २०१७ ची अधिसूचनाही जोडता येते. तिच्यात मूळ शाखा आणि त्यांच्याशी संबंधित अभ्यासक्रमांची नावं आहेत. पण ती अध्यापकांच्या नेमणुकीसाठी आहे. ‘परिषदेने माझी पदवी समकक्ष ठरवली’ असं लिहिलं तर समोरचा वकील एका मिनिटात ते उलटवेल. ‘आधारभूत म्हणून’ एवढंच म्हणा.

टप्पा ४ : माहिती अधिकाराचा अर्ज आधीच टाका

उत्तराला ३० दिवस मिळतात आणि पडताळणीनंतर हरकतीला आठवडाभरही मिळत नाही. म्हणजे हा अर्ज जाहिरात निघाल्याच्या आठवड्यात गेला पाहिजे. महाराष्ट्रात शुल्क १० रुपये, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांत. पहिलं अपील ३० दिवसांत, २० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह.

‘माझी पदवी का चालत नाही?’ असा प्रश्न विचारू नका. अभिलेखात नसलेलं मत द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही. कागद मागा : सेवाप्रवेश नियम सुधारणांसह, या पदासाठी समतुल्यतेबाबत काढलेले शासन निर्णय व पत्रं, उच्च व तंत्र शिक्षण विभागाशी किंवा तंत्र शिक्षण संचालनालयाशी झालेला पत्रव्यवहार, आणि मागच्या भरतीत तुमच्या शाखेच्या उमेदवारांना पात्र धरल्याच्या टिपण्या.

सावध : शेवटचा कागद सापडला म्हणून हुरळून जाऊ नका. मागे एकाला चुकून घेतलं असेल तर त्यावरून तुम्हाला हक्क मिळत नाही. त्या टिपणीत विचारपूर्वक घेतलेला निर्णय दिसत असेल, तरच तिला वजन.

टप्पा ५ : अर्ज भरताना

यादीत आपली शाखा नसेल तर जवळची म्हणून ‘सिव्हिल’ निवडून टाकायची, ही सवय महागात पडते. पडताळणीत ती चुकीची माहिती ठरते आणि समकक्षतेचा प्रश्न बाजूला राहून प्रतिरोधनाची, म्हणजे पुढच्या भरतींतून बाद ठेवण्याची कारवाई पुढे येते. ‘अन्य’चा पर्याय असेल तर तो घ्या आणि प्रमाणपत्रावरचं नाव अक्षरशः लिहा. पर्यायच नसेल तर शेवटच्या दिवसाआधी भरती प्राधिकाऱ्याला ईमेल पाठवा, पडद्याचं छायाचित्र ठेवा आणि मगच पुढचं पाऊल टाका.

अर्हतेचं कलमच चुकीचं वाटत असेल तर परीक्षा देण्याआधी आव्हान द्या. परीक्षा देऊन, नापास होऊन, मग प्रक्रियेवर बोट ठेवलेलं न्यायालयांना रुचत नाही. मदनलाल प्रकरणापासून (१९९५) हे धोरण आहे. निदान ‘हक्क राखून परीक्षा देत आहे’ असं निवेदन आधी देऊन ठेवा.

टप्पा ६ : पडताळणीचा दिवस आणि निवेदन

तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. शेरा लेखी मागा. मिळत नसेल तर त्याच दिवशी ईमेल करा : ‘आज अमुक वेळी पडताळणीत माझी अर्हता या कारणास्तव ग्राह्य धरली नसल्याचं सांगण्यात आलं. लेखी आदेश मिळावा.’ पुढच्या सगळ्या तारखा या ईमेलवरून मोजल्या जातील.

निवेदन दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका. क्रम असा : पद व जाहिरात क्रमांक, नियमातलं वाक्य जसंच्या तसं, माझी अर्हता प्रमाणपत्रावरच्या शब्दांत, त्या वाक्याच्या कोणत्या भागात मी बसतो, सोबतचे कागद, आणि मागणी. मागणीत दोनच गोष्टी : ‘माझ्या अर्हतेबाबत कारणांसह निर्णय द्यावा’ आणि ‘तोपर्यंत माझी उमेदवारी तात्पुरती ग्राह्य धरावी’. अन्याय, मेहनत, घरची परिस्थिती यांना इथे जागा नाही. प्रत भरती प्राधिकारी, पदाचा प्रशासकीय विभाग आणि उच्च व तंत्र शिक्षण विभाग अशा तिघांना द्या, कारण समतुल्यतेचा अभिप्राय अखेरीस या दोन विभागांतूनच फिरतो. आवक क्रमांक आणि तारखेची पोहोच घ्या.

तपासा : तुमच्या बाजूचा शासन निर्णय अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतरचा आहे का? असेल तर त्यातले शब्द पाहा. ‘स्पष्टीकरण’ म्हणून काढलेला असेल तर तो आधीपासूनच लागू होता असं म्हणायला वाव राहतो. ‘नव्याने समावेश करण्यात येत आहे’ असं असेल तर ही भरती गेली, पुढचीची तयारी करा.

टप्पा ७ : कुठे जायचं आणि काय मागायचं

राज्य शासनाच्या विभागातलं पद असेल तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे खंडपीठं आहेत. जिल्हा परिषद, महापालिका, महावितरण यांच्या पदांसाठी उच्च न्यायालयात रिट. केंद्राच्या पदांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे कॅट. चुकीच्या दारात जाऊन दोन महिने घालवणं ही नेहमीची चूक आहे.

मॅटमध्ये मूळ अर्जाचं शुल्क ५० रुपये आणि मुदत आदेशापासून एक वर्ष. या वर्षाच्या भरवशावर राहू नका. शिफारस यादी लागली, नियुक्त्या झाल्या, की जिंकूनही पद उरत नाही. सहसा आधी निवेदन द्यावं लागतं, पण भरतीत निकड दाखवली तर उत्तराची वाट न पाहता अर्ज दाखल होऊ शकतो. निवेदनाची पोहोच तिथेच कामी येते.

अंतरिम मागणी मोजकी ठेवा. संपूर्ण भरतीला स्थगिती मागितली की न्यायाधिकरण हजारो उमेदवारांकडे पाहतं आणि नकार देतं. ‘माझ्या प्रवर्गातलं एक पद रिक्त ठेवावं’ ही मागणी मिळण्यासारखी असते. निवड यादी लागली असेल तर ज्यांची जागा धोक्यात येईल अशा उमेदवारांना प्रतिवादी करा, नाहीतर अर्ज त्याच मुद्द्यावर पडतो.

मुख्य मागणी करताना एक निकाल डोळ्यांपुढे ठेवा : महाराष्ट्र लोकसेवा आयोग विरुद्ध संदीप श्रीराम वराडे (३ मे २०१९). पदं औषध प्रशासनातली होती, पण सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं तत्त्व अभियंत्यांनाही लागू होतं : अर्हता काय हवी हे नियोक्ता ठरवतो आणि समतुल्यतेचा प्रश्न न्यायालयीन पुनर्विलोकनाच्या कक्षेबाहेर राहतो. म्हणून ‘माझी पदवी समकक्ष जाहीर करा’ असं मागू नका. ‘नियमात समतुल्यतेची तरतूद असूनही प्राधिकाऱ्याने विचारच केला नाही’, ‘कारण दिलं नाही’, ‘स्वतःच्याच शासन निर्णयाविरुद्ध वागला’ या मुद्द्यांवर नकार रद्द करून ठरावीक मुदतीत फेरनिर्णयाचा आदेश मागा. टप्पा १ मधलं वाक्य आणि टप्पा ४ मधल्या टिपण्या इथे उपयोगी पडतात.

वाद उलट्या बाजूनेही येतो. तुमची निवड झाली आहे आणि गुणवत्ता यादीतला तुमच्या मागचा उमेदवार तुमच्या पदवीवर हरकत घेतो आहे, असं कळलं तर कॅव्हेट, म्हणजे ‘मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये’ असा अर्ज, दाखल करा. त्याची मुदत ९० दिवसांची असते. संपण्याआधी पुन्हा भरावं लागतं. आणि रुजू होताना मूळ कागद कार्यालयात जमा करण्याआधी तुलनापत्रक, कुलसचिवांचं पत्र आणि निवेदनाची पोहोच यांच्या साक्षांकित प्रतींचा एक संच घरी ठेवा. सेवापुस्तकाच्या पडताळणीत हा प्रश्न काही वर्षांनी पुन्हा निघतो, आणि तोवर कार्यालयातली नस्ती सापडेलच असं नाही.